पासष्टी ओलांडली, कागद नाहीत: अमेरिकेतल्या ज्येष्ठांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शनिवारी एका फ्री क्लिनिकमध्ये दुभाषी म्हणून बसते, मराठी, हिंदी, गुजराती जे लागेल ते. तिथे येणाऱ्यांचे, आणि त्याहून जास्त त्यांच्या मुलांचे, शेजाऱ्यांचे, ज्यांच्या घरी ते कामाला होते त्यांचे मेसेज येत राहतात, आणि अमेरिकेत राहायचे कायदेशीर कागद नसलेल्या (अनडॉक्युमेंटेड) म्हाताऱ्या माणसांबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी वकील नाही. कुठलाही फॉर्म भरायच्या आधी वकिलाला विचारा, कारण २०२५ पासून नियम फार भराभर बदलतायत.

१. अनडॉक्युमेंटेड म्हणजे बॉर्डरवरून लपूनछपून आलेले ना? आपल्यात कुठे असतात असे?

असतात, आणि खूप असतात. प्यू रिसर्च या अभ्याससंस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये देशात असे १ कोटी ४० लाख लोक होते (यात तात्पुरतं संरक्षण मिळालेलेही धरलेत) आणि त्यात भारतातून आलेल्यांचा आकडाही लाखांत जातो. काही बॉर्डरवरून आलेत, पण माझ्यासमोर येणारे बरेचसे रीतसर व्हिसा घेऊन विमानाने उतरलेले असतात. मुलीच्या बाळंतपणाला आलेली आई, इकडेच राहिली. नोकरीच्या व्हिसावर आलेला माणूस, नोकरी गेली आणि परत जायची लाज वाटली.

एक घोळ कायम होतो. व्हिसावर दहा वर्षांची तारीख असते म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण राहायची मुदत ठरते ती आय-नाइन्टीफोरवर (देशात शिरताना होणारी नोंद), आणि व्हिजिटर म्हणून आलेल्यांना ती सहसा सहा महिन्यांचीच मिळते. ती उलटली की कागद गेले.

२. वीस-पंचवीस वर्षं राहिले, मग एवढ्या वर्षांत कागद का नाही केले?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, त्यांना खरंच वाटतं की कुठेतरी रांग आहे आणि हे लोक आळस करून तिच्यात उभे राहिले नाहीत. बहुतेकांसाठी रांगच नाहीये. शेवटची मोठी माफी १९८६ सालची, ती पण मुख्यतः १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून इथे असलेल्यांना आणि काही शेतमजुरांना, साधारण २७ लाख लोकांचं काम त्यात झालं. 'रजिस्ट्री' नावाची एक तरतूद आहे, फार जुन्या रहिवाशांना ग्रीन कार्ड देणारी, पण तिची तारीख १ जानेवारी १९७२ वर अडकलीये, १९८६ नंतर कुणी ती पुढे सरकवलीच नाही. त्यात १९९६ च्या कायद्याने असं केलं की वर्षभराहून जास्त बेकायदा राहून देशाबाहेर पाऊल टाकलं की दहा वर्षं परत येता येत नाही. म्हणजे इथे राहिलं तर कागद होत नाहीत आणि करायला बाहेर गेलं तर दार बंद. माणूस थांबतो, आणि थांबता थांबता म्हातारा होतो.

३. हे लोक टॅक्स भरतच नाहीत, मग त्यांना द्यायचं कशातून?

भरतात. १९९६ पासून आयटिन नावाचा नंबर मिळतो, त्यावर लाखो लोक दरवर्षी रिटर्न भरतात. बाकीचे कुठल्यातरी सोशल सिक्युरिटी नंबरवर पगार घेतात, त्यातून टॅक्स कापला जातो आणि नाव-नंबर जुळले नाहीत की ती कमाई सरकारच्या एका वेगळ्या, बिननावी खात्यात जाऊन पडते. टॅक्सचा अभ्यास करणाऱ्या आयटेप या संस्थेचा २०२२ सालचा अंदाज: सगळे मिळून ९६.७ अब्ज डॉलर टॅक्स, त्यातले २५.७ अब्ज सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, आणि ६.४ अब्ज मेडिकेअरचे, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याचे. हे शेवटचे दोन आकडे नीट बघा, कारण म्हातारपणी या दोन्हींतून त्यांना मिळतं शून्य.

क्लिनिकमध्ये एक मावशी यायच्या, वीसेक वर्षं लोकांची मुलं आणि नंतर लोकांचे आईवडील सांभाळलेल्या. एकदा त्यांनी टेबलावर दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी ओतली, आत वर्षावर्षाचे डब्ल्यू-टू (मालकाने दिलेले पगार आणि कापलेल्या टॅक्सचे वार्षिक दाखले), रबर लावून, काहींची शाई उडालेली. म्हणाल्या, "बघ गं, पेन्शनला किती कमी पडतायत?" कमी एकही पडत नव्हतं. चाळीस तिमाह्या म्हणजे दहा वर्षं लागतात, त्यांच्या दुप्पट होत्या, पण कागद नसल्याने पेन्शन मिळणार नव्हतीच. हे त्यांना सांगायला मला त्या दिवशी जमलं नाही, पुढच्या शनिवारी सांगितलं.

४. म्हणजे ते कागद फेकून द्यायचे?

अजिबात नाही!! उद्या कुठल्याही मार्गाने कागद झाले आणि काम करायची परवानगी असलेला नंबर मिळाला, तर आधीची कमाई पुराव्यानिशी आपल्या नावावर लावून घेता येऊ शकते. डब्ल्यू-टू, पगाराच्या स्लिपा, भरलेली रिटर्नं, सगळं जपा. मात्र जुना नंबर दुसऱ्या कुणाचा असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय कुठल्याही खिडकीवर जाऊ नका.

५. पासष्ट झाली की मेडिकेअर सगळ्यांनाच मिळतं ना?

नाही. कायदेशीर वास्तव्य लागतंच. उलट जुलै २०२५ च्या कायद्याने वर्तुळ आणखी लहान केलंय, आता मुख्यतः नागरिक आणि ग्रीन कार्डवाले, कायदेशीर राहणारे इतर बरेच लोकही बाहेर पडणार. गरिबांसाठीचं पूर्ण मेडिकेड, गरीब ज्येष्ठांना आणि अपंगांना मिळणारे एसएसआयचे मासिक पैसे, किराण्यासाठीचे फूड स्टॅम्प हे तर कागद नसलेल्यांना केंद्राकडून आधीपासून बंदच आहेत.

६. ईआरमधून (हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागातून) हाकलून देतील का?

नाही देऊ शकत. १९८६ चा एम्टाला कायदा आहे, मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलच्या ईआरने आलेल्या प्रत्येकाला तपासायचं आणि प्रकृती स्थिर करायची, पैसे असोत नसोत, कागद असोत नसोत. पण "स्थिर" हा शब्द लक्षात ठेवा. पक्षाघाताचा झटका आला तर जीव वाचवतील, नंतर सहा महिने लागणारी फिजिओथेरपी यात येत नाही.

आणि बिल येतंच. ते बघून घाबरून फोन बंद करून बसू नका. ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, बिलिंगवाल्यांकडे चॅरिटी केअरचा फॉर्म मागा, मराठीत सांगायचं तर हात जोडून नाही, हक्काने मागा.

७. इमर्जन्सी मेडिकेड म्हणजे काय, त्यात डायलिसिस बसतं का?

उत्पन्न वगैरे सगळ्या अटीत बसतो पण कागद नाहीत, अशा माणसाच्या तातडीच्या उपचाराचं बिल यातून हॉस्पिटलला मिळतं. रोजच्या गोळ्या, तपासण्या, नर्सिंग होम यात नाही.

डायलिसिसचं राज्याराज्यात वेगळं आहे आणि मला यातला सगळ्यात क्रूर भाग हाच वाटतो. काही ठिकाणी आठवड्यातून तीनदा नेमाने डायलिसिस मिळतं. काही ठिकाणी माणसाने दम लागेपर्यंत, पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाईपर्यंत घरी थांबायचं, मग ईआरमध्ये यायचं, तेव्हा "इमर्जन्सी" झाली म्हणून मशीन लावायचं, आणि बरं वाटलं की घरी, पुढच्या आठवड्यात परत तेच. याने माणसं जास्त मरतात आणि खर्चही जास्त होतो. कोलोरॅडोतल्या डॉक्टरांनी हे अभ्यास करून दाखवलं आणि २०१९ मध्ये तिथला नियम बदलला. नुसता व्याख्येचा बदल होता, किडनी निकामी होणं हीच इमर्जन्सी धरली, बस.

८. कुठल्या राज्यात ज्येष्ठांना पूर्ण उपचार मिळतात? तिथे शिफ्ट होऊ का?

मोजकी राज्यं स्वतःच्या पैशाने करतात. इलिनॉयने डिसेंबर २०२० मध्ये ६५ च्या पुढच्यांसाठी सुरू केलं, हे पहिलं राज्य, पण नोव्हेंबर २०२३ पासून नवीन नोंदणी थांबवली. कॅलिफोर्नियाने मे २०२२ मध्ये पन्नाशीपुढच्यांना आणि २०२४ पासून सगळ्या वयांना मेडि-कॅल (तिथलं मेडिकेड) दिलं, आणि बजेटला ओढ लागल्यावर जानेवारी २०२६ पासून प्रौढांची नवी नोंदणी बंद केली, जे आधीपासून आत आहेत त्यांचं चालू. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २०२४ पासून ६५ पुढच्यांना मेडिकेड आहे, ओरेगॉनने २०२३ पर्यंत सगळ्या वयांना आणलं.

जे आत आहेत त्यांनी नूतनीकरणाचं पाकीट वेळेत भरा. एक पत्र उघडायचं राहिलं आणि नाव गळलं तर जिथे नवीन नोंदणी बंद आहे तिथे परत चढणं फार कठीण. शिफ्ट होण्याबद्दल: फक्त योजनेसाठी आईला दोन हजार मैल हलवू नका, तिथे नोंदणी आज चालू आहे का ते आधी बघा आणि तिच्याजवळ कोण राहणार ते त्याच्याही आधी.

९. एकटं राहणं जमत नाहीये, नर्सिंग होममध्ये ठेवता येईल का?

इथेच सगळं अडतं. नागरिकांनासुद्धा मेडिकेअर दीर्घकाळचं नर्सिंग होम देत नाही, साठवलेलं संपलं की मेडिकेड देतं, आणि पूर्ण मेडिकेड बहुतेक राज्यांत यांना नाही. मग काय होतं, मांडीचं हाड मोडून माणूस हॉस्पिटलमध्ये येतो, ऑपरेशन होतं, आणि तिथून पुढे कुठलंच नर्सिंग होम घ्यायला तयार नसतं कारण पैसे कोण देणार, म्हणून तो महिनोन् महिने हॉस्पिटलच्याच खाटेवर पडून राहतो, जी नर्सिंग होमच्या खाटेपेक्षा कितीतरी महाग असते. दोन्हीकडून नुकसान.

यातून सुटायला काही हॉस्पिटलं पेशंटला मायदेशी पाठवतात. २००३ मध्ये फ्लोरिडातल्या एका हॉस्पिटलने राज्याच्या कोर्टाचा हुकूम घेऊन अपघातात मेंदूला इजा झालेल्या माणसाला खाजगी विमानाने ग्वाटेमालाला नेऊन सोडलं, नंतर अपील कोर्टाने म्हटलं की राज्याच्या कोर्टाला असा हुकूम द्यायचा अधिकारच नव्हता. तेव्हा कुणी "भारतात पाठवायची व्यवस्था करतो, इथे सही करा" म्हटलं तर लगेच सही करू नका, पेशंटची स्वतःची समजून-उमजून दिलेली संमती लागते.

प्रश्न ८ मधल्या काही राज्यांत घरी येणारी मदतनीस मिळू शकते, कॅलिफोर्नियात पूर्ण मेडि-कॅल असेल तर घरातल्याच माणसाला काळजीचे पैसेही मिळतात (त्या माणसाला काम करायची परवानगी हवी). बाकी ठिकाणी उरतात मुलं, एखादी खोली, आणि रात्री दोनदा उठणारी सून.

१०. मग मुलांनीच करावं ना, आपल्याकडे तर आईवडिलांचं मुलंच करतात. समाजाचा काय संबंध?

करतातच मुलं. बहुतेक वेळा त्यांच्याशिवाय कुणी नसतंच. पण ज्यांना मूलच नाही? आणि ज्याचं मूल स्वतः बिनकागदाचं, गॅस स्टेशनवर बारा तास उभं? डिमेन्शिया झालेल्या माणसाला चोवीस तास कुणीतरी लागतं, ही गोष्ट प्रेमाने भागत नाही, तास लागतात.

कायद्याचा भाग विचारणाऱ्यांसाठी: काही राज्यांत आईवडिलांचा खर्च मुलांवर टाकणारे जुने कायदे आहेत. २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका मुलाला आईच्या नर्सिंग होमचे सुमारे ९३,००० डॉलर भरायला लावले. नियमाने सगळीकडे असं होत नाही, पण नर्सिंग होमच्या करारावर "रिस्पॉन्सिबल पार्टी" म्हणून सही करताना वाचून करा.

११. कायदा मोडून राहिलेत, आमच्या टॅक्समधून त्यांचं का करायचं? आमच्याच म्हाताऱ्यांना पुरत नाही.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, कधी रागाने, कधी खरंच समजून घ्यायला. दोन्हींना उत्तर एकच देते.

कायदा मोडला, हे खरंय, ते मी नाकारत नाही. मुदतीपेक्षा जास्त राहणं हा दिवाणी स्वरूपाचा भंग आहे आणि त्याची शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे: देशाबाहेर काढणं. इन्सुलिन न देणं ही शिक्षा कुठल्याच कायद्यात लिहिलेली नाही. आणि १९८६ पासून अशा माणसाला कामावर ठेवणं हाही भंगच आहे, तरी त्यांनी पिकवलेली भाजी, बांधलेली घरं, धुतलेली हॉटेलची बाथरूम हे सगळं आपण वापरलंय, त्याच स्वस्त दरात. वरच्या मावशींनी ज्यांच्या आईला शेवटची तीन वर्षं अंघोळ घातली त्या घराचाही यात वाटा आहे ना? फायदा सगळ्यांनी मिळून घेतला आणि म्हातारपण मात्र एकटीचं, हे मला पटत नाही. मी याला दया म्हणत नाही, बाकी राहिलेली मजुरी म्हणते.

असं पहिल्यांदा होतंय असंही नाही. १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटी आली तेव्हा घरकाम करणारे आणि शेतमजूर तिच्या बाहेर ठेवले होते, १९५० च्या दशकात ते आत आले. कोण आत आणि कोण बाहेर हे माणसंच ठरवतात आणि बदलतातही.

आपल्या म्हाताऱ्यांना पुरत नाही, हे अगदी खरं. पण कारण बघा, दीर्घकाळच्या काळजीची सोय या देशात मध्यमवर्गाला पण नाहीये (प्रश्न ९). बिनकागदाच्या माणसाचं नाव यादीतून काढल्याने ती होत नाही. आणि खर्च टळत नाही, पुढे ढकलला जातो. त्याच मावशी बीपीची गोळी नखाने अर्धी तोडायच्या, तीस गोळ्या साठ दिवस पुरवायला. गोळी काही सेंटची होती. नंतर झटका आला आणि अकरा दिवस आयसीयूत होत्या, त्याचे पैसे कुणी दिले? तुम्ही-आम्हीच.

१२. दवाखान्यात गेलं तर पकडतील का?

खोटा दिलासा देत नाही. आधी हॉस्पिटल, देवळं-चर्च, शाळा इथे शक्यतो कारवाई करायची नाही असं धोरण होतं, ते जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी मेडिकेडच्या नोंदी इमिग्रेशनची कारवाई करणाऱ्या गृहसुरक्षा खात्याकडे गेल्या आणि काही राज्यं त्याविरुद्ध कोर्टात गेली. दुसऱ्या बाजूला डॉक्टर-नर्सने तुमचे कागद विचारायचा केंद्राचा नियम नाही (काही राज्यांत हॉस्पिटलच्या फॉर्मवर विचारतात), आजाराच्या नोंदी कायद्याने खाजगी असतात, आणि वेटिंग रूमच्या पलीकडच्या खाजगी भागात शिरायला न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट लागतं. छातीत दुखत असेल तर ९११ ला फोन करा. भीतीने घरात बसून मेलेली माणसं मला माहीत आहेत.

१३. मी आता सिटिझन झालो, आईचं ग्रीन कार्ड होईल का, आणि लगेच मेडिकेअर?

मूल २१ च्या पुढचं आणि नागरिक असेल तर आईवडिलांसाठी कोट्याची रांग नसते. आई व्हिसावर रीतसर उतरली असेल तर मुदत उलटलेली असली तरी सहसा देशातच राहून काम होतं. बॉर्डरवरून आली असेल तर सहसा बाहेर जावं लागतं आणि तिथे दहा वर्षांची बंदी आडवी येते (प्रश्न २). एक जुना अपवाद: तिच्यासाठी कुणीही ३० एप्रिल २००१ पर्यंत अर्ज भरलेला असेल, भावाने, कुठल्या मालकाने, तर दंड भरून मार्ग निघू शकतो. जुन्या फायली शोधा.

लगेच मेडिकेअर नाही. ६५ पूर्ण आणि ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं झाली की विकत घेता येतं, पार्ट ए चा (हॉस्पिटलच्या खर्चाच्या भागाचा) पूर्ण हप्ता २०२५ मध्ये महिन्याला ५१८ डॉलर होता. तोवर मार्केटप्लेसवरचा विमा बघा. आणि तुम्ही सपोर्टचं जे प्रतिज्ञापत्र सही करता ते खरोखर बांधून घेतं, नुसता कागद नाही. "पब्लिक चार्ज"चे, म्हणजे अर्जदार सरकारवर बोजा होईल का हे ठरवायचे, नियम सतत हलतायत, त्या आठवड्यातला सल्ला घ्या.

१४. घरात मुलगाच मारतो, पण तक्रार केली तर आईला डिपोर्ट करतील अशी धमकी देतो. काय करायचं?

हा प्रश्न शेजारच्या लोकांकडून येतो, आईकडून कधीच नाही. हे फार कमी जणांना माहितेय: २१ वर्षांवरच्या नागरिक मुलाने किंवा मुलीने छळ केला तर आईवडील स्वतःच, त्या मुलाच्या सहीशिवाय आणि त्याला न कळू देता, ग्रीन कार्डच्या दिशेने अर्ज करू शकतात. २००५ च्या कायद्यात ही सोय आली, आणि यात बॉर्डरवरून आलेल्यांनाही देशातच राहून काम करता येतं. पासपोर्ट काढून घेणं, जेवण न देणं, रोज धमक्या देणं हाही छळ धरला जातो. तिला एकटीला गाठून हे सांगा, फोनवर नको, फोन बहुतेक तोच बघतो.

१५. आईला सरळ भारतात परत पाठवलेलं बरं नाही का?

तिची स्वतःची इच्छा असेल तर हो, कित्येकांना शेवटी गावीच जायचं असतं आणि तो निर्णय मानाने घेऊ द्यावा. पासपोर्ट संपला असेल तर भारतीय वकिलातीकडून (कॉन्सुलेट) एकेरी प्रवासाचा दाखला मिळतो, अगदीच हालात असलेल्या भारतीय नागरिकांसाठी वकिलातींकडे २००९ पासून कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे. पण परतीचं दार बंद होईल हे तिला स्पष्ट सांगा, नातवंडं भेटायला गेली तरच भेटतील. भारत-अमेरिकेत पेन्शनच्या वर्षांची बेरीज करणारा करार नाही, त्यामुळे इथली वर्षं तिथे मोजली जात नाहीत. आणि तिकडे कोण आहे? तीस वर्षांपूर्वीचं घर आता कुणाच्या नावावर आहे?

१६. मंडळ म्हणून आम्ही काय करू शकतो?

काय काय करू अशी यादी न विचारता समोरच्या माणसाला काय हवंय ते विचारा. साठीपुढच्यांचे जेवणाचे कार्यक्रम सहसा कागद बघत नाहीत, तिथवर गाडीने सोडा. हॉस्पिटलात भाषेसाठी बसा. वकील म्हणवणाऱ्या "कन्सल्टंट"पासून वाचवा, न्याय खात्याची मान्यता असलेले प्रतिनिधी कमी पैशात किंवा फुकट मिळतात. तुमच्या घरी कुणी कामाला असेल तर पगार चेकने द्या, टॅक्स भरा.

१७. बाबा विसरायला लागलेत. कागद नाहीत तर पॉवर ऑफ अॅटर्नी करता येते का?

येते, त्याला इमिग्रेशनचा दर्जा लागत नाही. पण समजतंय तोवरच करता येते, म्हणून आजच करा, पैशांची वेगळी आणि उपचारांचे निर्णय कोण घेणार याची वेगळी. नंतर कोर्टातून गार्डियनशिप घ्यावी लागते, तिला वेळही लागतो आणि वकिलाचे पैसेही.

१८. इथेच गेले तर? कुणाला कळवायचं, दाखला मिळतो का?

मृत्यूचा दाखला कुणीही गेलं तरी निघतो, कागद आड येत नाहीत. हॉस्पिसच्या (शेवटच्या दिवसांतली काळजी घेणाऱ्या सेवेच्या) देखरेखीखाली घरी गेले तर आधी हॉस्पिसच्या नर्सला फोन करा. काही हॉस्पिसं बिनविम्याचे पेशंट धर्मादाय खात्यातून घेतात, डॉक्टरांना वेळेत विचारून ठेवा. भारतीय नागरिक असतील तर मृत्यूची नोंद आणि पासपोर्ट रद्द करणं वकिलातीत होतं, देह किंवा अस्थी न्यायच्या असतील तर त्यांचंच पत्र लागतं. फ्युनरल होमचे दर फोनवर विचारा, त्यांना सांगावेच लागतात. मावशींच्या वेळी आम्ही चौघींनी फोन केले, चार वेगळे आकडे आले. अस्थी त्यांच्या भाचीने नेल्या. ती डब्ल्यू-टूची पिशवी अजून माझ्याकडे आहे.